एक वार, दोन पिशव्या आणि परवा लेझर

वैशाखपालवी | मंगळवार, रात्री १:४०

नमस्कार. मी इथे एरवी पाककृती वाचायला येते, लिहिते फारच कमी. आज झोप नाही म्हणून लिहितेय.

आज १९ आठवडे ४ दिवस झाले. जुळी आहेत. वार एकच, पाण्याच्या पिशव्या दोन. अकराव्या-बाराव्या आठवड्याच्या सोनोग्राफीतच डॉक्टर म्हणाले होते, सोळाव्यापासून दर पंधरा दिवसांनी यायचं, एकही चुकवायची नाही. मी मनात म्हटलं, बिल वाढवायचे धंदे. सोळाव्याला ठीक होतं. अठराव्याला "पाण्यात जरा फरक आहे, आठवड्याने परत या." तेव्हापासून पोट असं तटतटलंय की चप्पल घालताना दम लागतो. मला वाटलं, जुळ्यांत असंच असतं.

काल बघितलं तर एकाभोवती पाणी ९.८ सेंमी आणि दुसऱ्याभोवती १.२. त्या दुसऱ्याची लघवीची पिशवी दिसतच नाही. टीटीटीएस, म्हणजे एकाच वारेतून एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जातं, स्टेज २. नाशिकहून लगेच पुण्याला पाठवलं. आज दिवसभर तिथे होतो. परवा सकाळी लेझर करायचं म्हणतात, वारेवरच्या दोघांना जोडणाऱ्या शिरा बंद करायला.

घरात उलटंच झालंय. सासूबाई म्हणतात, करून टाक, विचार करत बसू नकोस. माझी आई म्हणते, गर्भाला शस्त्र लावू नये, थांबून बघा. नवरा मोबाईलवर टक्केवारी वाचतोय.

कुणी हे करून घेतलंय का? जागेपणी करतात की झोपवतात? आत काय चाललंय ते कळतं का? नंतर पलंगावरून उतरायचं की नाही? डॉक्टरांनी हे सगळं सांगितलं होतं. मी बहुतेक ऐकतच नव्हते.

रातकिडा | रात्री १:५२

यातलं मला शष्प कळत नाही, पण जागा आहे. धागा वर राहावा म्हणून प्रतिसाद. सकाळी जाणकार येतील. पाणी प्या. (हे बरोबर आहे ना? पाणी जास्त झालंय म्हणताय म्हणून विचारतो.)

वैशाखपालवी | रात्री १:५५

हसले. थँक्यू. ते पाणी वेगळं.

कालवा_काठी | पहाटे ३:१०

आमच्याकडे अजून रात्रच आहे, म्हणून लगेच लिहिते. पालवी, मी करून घेतलंय. २०१९, लायडन. आम्ही अ‍ॅम्स्टेलवीनला राहतो. नेदरलँड्समध्ये असं काही निघालं की सगळ्यांना लायडनच्या विद्यापीठ रुग्णालयातच पाठवतात. मला २० आठवडे १ दिवस झाला होता, स्टेज ३.

जागेपणी केलं. पोटावर भुलीचं इंजेक्शन आणि सोबत काहीतरी गुंगीचं, त्यामुळे मी जागी होते पण जगाशी भांडण नव्हतं. पोटाला जेमतेम तीन-चार मिलिमीटरची चीर. त्यातून नळी, नळीतून दुर्बीण, दुर्बिणीतूनच लेझरची तार. दुखलं नाही. दाब जाणवतो, कुणीतरी आतून बोट टेकवल्यासारखा. साधारण पाऊण तास. शेवटी जास्तीचं पाणी त्याच नळीतून काढून घेतात. ते झाल्यावर मी तीन आठवड्यांनी पहिला पुरता श्वास घेतला.

पडदा माझ्या बाजूला होता. वारेवर निळ्या-लाल शिरा पसरलेल्या, नदीचा नकाशा असावा तशा. डॉक्टर एकेका शिरेवर जायचे आणि ती पांढरी पडायची. मध्येच एक हात पडद्यावरून गेला. पाच बोटं. त्यानंतर मी पडद्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी पाठवलं. चालायला परवानगी होती. तेहतिसाव्या आठवड्यात प्रसूत झाले. आत्ता दोघी वरच्या खोलीत झोपल्यात, म्हणजे झोपायला हव्यात.

पारिजातक_ | सकाळी ७:२०

वैशाखपालवी, काळजी करू नका, सगळं छान होणार. सकारात्मक राहा. माझ्या जावेला पाणी जास्त झालं होतं तर वैद्यांनी पुनर्नवा आणि शतावरी दिली, काही न करता उतरलं. एकदा लेझर केलं की परतीचा मार्ग नाही, म्हणून आधी दुसरं मत घ्या.

सोनोवाला | सकाळी ८:०५

मी रेडिऑलॉजिस्ट आहे. लेझर करत नाही, पण असे रुग्ण पुढे पाठवतो. पारिजातक ताई, तुमच्या जावेचं बाळ एकच असावं. पाणी जास्त होण्याची कारणं बरीच असतात. हा प्रकार निराळा आहे.

एकाच वारेवर जगणाऱ्या दोघांच्या शिरा वारेच्या पृष्ठभागावर एकमेकींना जोडलेल्या असतात. जवळपास प्रत्येक अशा जुळ्यात हे असतं आणि बहुतेकांत देणंघेणं बरोबरीत सुटतं. दहा-पंधरा टक्क्यांत ते एकतर्फी होतं. देणाऱ्याचं रक्त कमी होतं, तो लघवी करेनासा होतो, म्हणून त्याचं पाणी आटतं, कारण या वयात गर्भजल म्हणजे मुख्यतः बाळाची लघवीच. घेणाऱ्याला रक्त जास्त होतं, तो सतत लघवी करतो, पाणी वाढतं आणि त्याच्या हृदयावर ताण येतो. तेव्हा "धाकटं अशक्त, थोरलं धडधाकट" असं नसतं, दोघंही संकटात असतात. औषधाने त्या शिरा बंद होत नाहीत. पुनर्नवेनेही नाही.

नुसतं पाणी काढत राहायचं, ही जुनी पद्धत होती. १९८८ मध्ये अमेरिकेत डी लिया यांनी पहिल्यांदा लेझर वापरलं. २००४ मध्ये युरोपातल्या चाचणीचे निष्कर्ष आले: निदान एक बाळ जगण्याचं प्रमाण लेझर गटात ७६ टक्के, पाणी काढण्याच्या गटात ५६. त्यानंतर वाद फारसा राहिला नाही. स्टेज १ ला थांबून बघतात. २ ला, या आठवड्यांत, थांबणं म्हणजे ३ ची वाट बघणं.

दुसरं मत घ्यायला हरकत नाही, पण फोनवर, आजच्या आज. आणि जे करणार आहेत त्यांना सरळ विचारा, तुम्ही वर्षाला अशा किती करता. चांगला डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाही.

पारिजातक_ | सकाळी ८:३१

मी मदत करायला गेले होते. प्रत्येक वेळी आयुर्वेदाची टिंगल करायलाच हवी का?

रातकिडा | सकाळी ८:३३

टिंगल नाही ताई, फक्त पुनर्नवेच्या हातात लेझर नाही एवढंच. हलकं घ्या.

अर्धी_जोडी | सकाळी ९:४५

लिहू की नको असा विचार करत होते. वैशाखपालवी, नको असेल तर पुढचं वाचू नका.

माझं २०१७ मध्ये झालं, एकविसाव्या आठवड्यात. लेझर व्यवस्थित झालं, डॉक्टर समाधानी होते. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत देणाऱ्याचे ठोके नव्हते. त्याच्या वाट्याला वारेचा तुकडाच इतका लहान होता की शिरा तोडल्यावर त्याला त्यावर भागवता आलं नाही. हे मला नंतर समजावलं. आधी सांगितलं असेलही, पण मी "७६ टक्के" एवढंच ऐकलं होतं. ते "निदान एक" मधलं "एक" मी ऐकलंच नव्हतं.

दुसरा वाचला, तोही लेझरमुळेच. शिरा जोडलेल्या असताना एक गेला की दुसऱ्याचं रक्त त्या बाजूला ओढलं जातं आणि त्याच्या मेंदूला धोका होतो. त्या तुटलेल्या होत्या म्हणून हा सुखरूप राहिला. पुढचे तीन महिने दोघांना पोटात घेऊन होते. लोक विचारायचे, "आता एकच ना?" काय उत्तर द्यायचं.

मुलगा आता शाळेत जातो, गणित आवडत नाही. माझं म्हणणं इतकंच की आज डॉक्टरांना हे विचारून ठेवा: एक गेलं तर पुढे काय, आणि ते मला कोण, कसं सांगणार. मला एका ट्रेनी मुलीने कॉरिडॉरमध्ये सांगितलं होतं. तिचाही चेहरा पडला होता बिचारीचा.

पारिजातक_ | सकाळी १०:०२

अशा वेळी असे अनुभव लिहू नयेत असं माझं स्पष्ट मत. गरोदर बाई वाचतेय.

वैशाखपालवी | सकाळी १०:२०

अर्धी_जोडी, मी दोनदा वाचलं. लिहिलंत ते बरं केलंत. हेच कुणी बोलत नव्हतं. घरात सगळे "होईल गं नीट" म्हणतात आणि मग स्वयंपाकघरात जाऊन कुजबुजतात. दुपारी डॉक्टरांना फोन आहे, तुमचा प्रश्न वहीत सगळ्यात वर लिहिलाय.

पारिजातक, तुमचाही राग नाही. माझी आई अगदी तुमच्यासारखंच बोलते.

हिशेबनीस | सकाळी ११:१५

पैशाचं कुणी बोलत नाही म्हणून मी बोलतो. भाचीच्या वेळी धावपळ मीच केली. आपण लेझरच्या खर्चाला घाबरतो, पण खरं बिल येतं ते बाळांच्या पेटीचं, आणि पेट्या दोन. नवऱ्याच्या कंपनीची गट विमा पॉलिसी असेल तर एचआरला आजच लेखी विचारा: नवजात बाळाला पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे की ९० दिवसांनंतर? मातृत्वाच्या खर्चाला वेगळी मर्यादा आहे का? आम्हाला ते तिसऱ्या दिवशी कळलं.

स्वतः नोकरी करत असाल तर कायद्याने २६ आठवडे रजा आहे, त्यातली ८ पर्यंत प्रसूतीआधी घेता येते. शिवाय गरोदरपणातून आलेलं आजारपण किंवा अपुऱ्या दिवसांची प्रसूती असेल तर डॉक्टरांच्या दाखल्यावर आणखी एक महिना. ही तरतूद फार जणींना माहीत नसते आणि ऑफिसं आपणहून सांगत नाहीत.

चिंचपेटी | सकाळी ११:४०

कालवा_काठी, अवांतर विचारते. तुमच्याकडे पडदा दाखवला, मग मुलगी की मुलगा तेही दिसलं असेल?

कालवा_काठी | दुपारी १:०५

आम्हाला आधीच सांगितलं होतं, इथे सांगतात.

अवांतरात अवांतर: तिथल्या डॉक्टरांकडून एका चित्राबद्दल कळलं. १६१७ सालचं, आम्सटरडॅमच्या महापौर घराण्यातल्या जुळ्यांचं. दोन्ही बाळं घट्ट गुंडाळलेली, आपल्या बाळंतिणीच्या खोलीत असतात तशीच. पण एकाचा चेहरा लालबुंद आणि दुसऱ्याचा पांढराफटक. काही डॉक्टरांना त्यात हाच आजार दिसतो. मी ते मोबाईलवर बघितलं आणि बंद केलं. चारशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईला कुणी काही समजावलं असेल का, एवढंच डोक्यात आलं.

सोनोवाला | दुपारी १:३०

चिंचपेटी, आपल्याकडे १९९४ चा कायदा. प्रत्येक सोनोग्राफीला आणि अशा प्रत्येक प्रक्रियेला एफ फॉर्म भरावा लागतो, लिंग सांगणं गुन्हा. एक वारवाली जुळी एकाच गर्भापासून झालेली, त्यामुळे दोघं एकाच प्रकारची एवढं आईला फुकटात कळतं. कुठल्या प्रकारची ते प्रसूतीला.

रातकिडा | दुपारी १:३४

म्हणजे नावं शोधण्याचं काम निम्मंच वाचलं.

बाभूळबन | दुपारी २:५०

नंतरच्या विश्रांतीबद्दल कुणीच बोललं नाही. मला जुळ्यांत गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातला होता, आणि पुढे तीन महिने पलंगाच्या पायाखाली विटा ठेवून झोपले. जेवणसुद्धा आडवं. मुलं टिकली ती त्यामुळेच. पालवी, अजिबात उठू नकोस. लोक काहीही म्हणोत.

सोनोवाला | दुपारी ३:१५

बाभूळबन, मुलं टिकली याचा आनंद आहे, पण विटांमुळे टिकली असं म्हणता येत नाही. पूर्ण झोपून राहिल्याने प्रसूती लांबते असा पुरावा नाही. उलट पायात रक्ताच्या गाठी होण्याची भीती वाढते आणि स्नायू उतरतात. टाकासुद्धा जुळ्यांत सरसकट घालत नाहीत. पहिले दोन-चार दिवस आराम, मग घरातल्या घरात वावर, जड उचलायचं नाही, असंच बहुतेक ठिकाणी सांगतात. त्यांचे डॉक्टर जे सांगतील ते शेवटचं.

बाभूळबन | दुपारी ३:२२

तुम्ही विटांवर झोपून बघा आणि मग पुरावा मागा.

चिंचपेटी | दुपारी ३:२५

+१, विटांना.

संपादक | दुपारी ४:००

धागाकर्तीची प्रक्रिया परवा आहे. विटा, पुनर्नवा आणि पुरावा यांच्यासाठी वेगळा धागा काढावा. इथे अनुभव आणि उपयोगी माहितीच येऊ द्या.

वैशाखपालवी | शुक्रवार, सकाळी ६:३०

झालं. काल सकाळी.

पहिल्यांदा तुमचे प्रश्न. वर्षाला किती करता, हे विचारलं. डॉक्टर हसले आणि आकडा सांगितला, मग किती वेळा एकच वाचलं, किती वेळा एकही नाही, तेही सांगितलं. त्यानंतर का कोण जाणे, मी शांत झाले. एक गेलं तर मी स्वतः येऊन सांगेन, असंही म्हणाले.

मला कंबरेतून भूल दिली. हात मोकळे होते पण कुठे ठेवायचे कळत नव्हतं, शेवटी एका सिस्टरने तिचा हात दिला. पडदा माझ्याकडे पाठ करून होता. लेझरला आवाज नसतो हे मला नवीन होतं. डॉक्टर पायाने काहीतरी दाबायचे तेवढी टिक् ऐकू यायची, मी त्या मोजत होते. चौतीसनंतर चुकले. एकेक शीर बंद केल्यावर मधल्या सगळ्या जागा जोडत एक रेघही मारली म्हणे, म्हणजे बारीक शीर राहून गेली तरी निसटू नये. शेवटी पावणेदोन लिटर पाणी काढलं. कालवा_काठी, श्वासाचं अगदी खरं आहे.

माझा रक्तगट बी निगेटिव्ह, त्यामुळे नंतर अँटी-डीचं इंजेक्शन दिलं. निगेटिव्हवाल्यांनी आठवण ठेवा, सगळ्या गडबडीत आम्हालाच सांगावं लागलं.

आज सकाळी सोनोग्राफी. दोघांचे ठोके आहेत. धाकट्याची लघवीची पिशवी अजून दिसत नाही. दोन दिवस थांबा म्हणाले.

अर्धी_जोडी | सकाळी ६:४१

इथेच आहे मी.

वैशाखपालवी | शनिवार, दुपारी १२:१०

दिसली!!! लघवीची पिशवी. भरलेली. पाणी २.४.

रातकिडा | दुपारी १२:१२

कुणी लघवी केली म्हणून इतका आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. ऑफिसात "येस" असं ओरडलो, आता सगळे बघतायत, काय सांगू त्यांना?

बाभूळबन | दुपारी १२:२०

खरं ते सांगा. आणि पालवी, विटा नाही तर नाही, निदान उशी तरी घे पायाखाली.

पारिजातक_ | दुपारी १:००

डोळ्यांत पाणी आलं हो. तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा.

वैशाखपालवी | सात आठवड्यांनंतर

२७ आठवडे. पहिले काही आठवडे दर आठवड्याला सोनोग्राफी झाली, आता पंधरा दिवसांनी. पाण्यासोबत मेंदूच्या रक्तवाहिनीतला वेगही बघतात, एकाचं रक्त पातळ आणि दुसऱ्याचं दाट होऊ लागलं तर त्यातून कळतं. अजून तरी दोघांचं जमतंय. वजनात फरक आहेच.

गंमत म्हणजे लेझर पाऊण तासाचं होतं, पण त्यानंतर रोज सकाळी गादी कोरडी आहे का हे हाताने चाचपणं, हे संपत नाही. याबद्दल मला कुणी सावध केलं नव्हतं. सातव्या महिन्यातलं डोहाळजेवण आईने पुढे ढकललंय, "हातात येऊ देत, मग दोन बारशी करू" म्हणते. सासूबाईंनी मात्र शेजारणींना बोलावून घरातल्या घरात ओटी भरलीच. झोपाळ्यावर बसू दिलं नाही एवढंच.

कालवा_काठी

गादी चाचपणं. हो. मी शेवटपर्यंत.

वैशाखपालवी | आणखी साडेपाच आठवड्यांनी

बत्तिसाव्या आठवड्यात, रात्री अडीचला गादी ओली. या वेळी खरंच. आधीपासून पुण्यातच भाड्याने खोली घेऊन होतो म्हणून वीस मिनिटांत पोचलो. बाळांच्या फुप्फुसांसाठीच्या इंजेक्शनांचे दोन्ही डोस चोवीस तासांच्या अंतराने पुरे झाले आणि तिसऱ्या दिवशी सिझर केलं.

दोघी मुली. १ किलो ५६० आणि १ किलो २१०. दोघी पेटीत आहेत. धाकटीला नळीने दूध, दर दोन तासांनी ५ मिली. मी पंपाने काढते आणि त्या इवल्याशा सिरिंजकडे बघत बसते. हिशेबनीस काका, पॉलिसीत पहिल्या दिवसापासून निघालं, तुमच्यामुळे आधी लेखी घेऊन ठेवलं होतं. सिझरनंतर डॉक्टरांनी वारेत रंग भरून दाखवला, मधली पांढरी रेघ अगदी स्पष्ट दिसत होती. नवऱ्याने फोटो काढलाय. आई तो बघायला तयार नाही, सासूबाईंनी मोठा करून मागितलाय.

अर्धी_जोडी

फोटो मलाही पाठवाल? जमलं तर.

वैशाखपालवी

व्यक्तिगत निरोपात पाठवलाय.

नवी_पाटी | चार महिन्यांनी

जुना धागा वर काढतेय, माफ करा. १८ आठवडे, एक वार, स्टेज २, सोमवारी बोलावलंय. सगळा धागा दोनदा वाचला. तरी परत विचारते, जागेपणी करतात ना? मला थंडी फार वाजते आणि मी घाबरले की थरथरते. हलले तर?

वैशाखपालवी

जागेपणीच. मी थरथरत होते, ते कंबरेच्या भुलीनेही होतं. त्यांना सवय असते, ते थांबतात आणि परत सुरू करतात. वरून गरम हवेचं पांघरूण मागा, मागितलं की देतात, आपणहून सुचत नाही त्यांना. पायात मोजे घालू देतात का विचारून ठेवा. वहीत प्रश्न लिहून न्या, पहिला प्रश्न अर्धी_जोडीचा. कुठलं गाव तुमचं? पुण्याला येणार असाल तर सोमवारी मी येऊन बसते, धाकटीची डोळ्यांची तपासणी तिथेच आहे अकरा वाजता.